इंजिनाची धग आणि साठीनंतरचा दुचाकीस्वार

वयाची पंचावन्न वर्षे उलटली की वाहन परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते आणि अर्जासोबत डॉक्टरांच्या सहीचा 'नमुना १-अ' जोडावा लागतो. या कागदाच्या निमित्ताने दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांशी बोलताना गेल्या काही वर्षांत एक बदल मला प्रकर्षाने जाणवतो. पूर्वी परवाना हवा असे तो बँकेत आणि मंडईत जाण्यापुरता. आता निवृत्तीच्या पैशातून घेतलेल्या भारदस्त मोटारसायकलीवर कोणाला कोकण पालथे घालायचे असते, कोणाला पचमढी गाठायची असते, तर कोणी नागपूरच्या लेकीकडे रेल्वेने न जाता गाडीवर जाण्याचा बेत आखलेला असतो. मला या हौसेचे कौतुक आहे. चाळीस वर्षे हजेरीपटावर सही केलेल्या माणसाने आता रस्त्यावर मोकळा श्वास घ्यावा, यात वावगे काही नाही. मात्र नातवंडांच्या सुट्ट्या पडतात एप्रिल-मे महिन्यांत आणि प्रवासही नेमके तेव्हाच ठरतात. म्हणून या लेखात दोन भट्ट्यांचा विचार करू : एक डोक्यावरची आणि दुसरी मांड्यांमधली.

डोक्यावरच्या भट्टीविषयी आपण सारेच ऐकतो. मांड्यांमधल्या भट्टीचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही. साडेतीनशे सीसीची गाडी महामार्गावर तासाला साधारण दोन लिटर पेट्रोल जाळते. त्यातून निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव ते एक-तृतीयांश भाग चाक फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. स्नानघरातील दोन हजार वॅटचे सहा गिझर एकाच वेळी चालू ठेवले तर जेवढी उष्णता होईल, तेवढी उष्णता आपल्या दोन पायांच्या मधून वाहत असते. गाडी धावत असते तोवर समोरचा वारा यातील बरीचशी मागे उडवून नेतो. सिग्नलला, टोलनाक्यावर किंवा घाटातील वाहनांच्या रांगेत गाडी थांबली की वारा थांबतो आणि ती धग सरळ पोटऱ्यांवर, मांड्यांवर आणि जांघेत येते. वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनाची ही अंगभूत मर्यादा आहे. रेडिएटरच्या गाडीत थांबल्यावर पंखा सुरू होतो खरा, पण त्याचा गरम झोत पुष्कळदा एका पायावरच येतो.

तरुण माणसाला ही धग नकोशी वाटते आणि तो पाय बाजूला घेतो. पाय बाजूला घेण्याची ही जी प्रेरणा आहे, तीच साठीनंतर अनेकांमध्ये क्षीण झालेली असते. माझ्या दृष्टीने या विषयातला सर्वांत गंभीर भाग हाच होय.

मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी त्वचा किती तापमानाला किती वेळात भाजते, याचा अभ्यास १९४७ साली प्रसिद्ध केला. तो आजही आधारभूत मानला जातो. त्यानुसार ६० अंश सेल्सिअसचा स्पर्श सुमारे पाच सेकंदांत त्वचा खोलवर भाजतो. सायलेन्सरचा चटका याहून कितीतरी तीव्र असतो. तिथे क्षणही पुरतो. परंतु त्याच अभ्यासातील दुसरी बाजू अधिक विचार करण्याजोगी आहे. ४४ अंशांसारख्या केवळ 'कोमट-गरम' वाटणाऱ्या तापमानालाही सलग सहा तासांत त्वचेला इजा होते, आणि त्यापुढे दर अंशाला हा वेळ साधारण निम्मा होत जातो. ४८ अंशांना पंधरा-वीस मिनिटे पुरतात. बुटाचा आतला भाग किंवा पोटरीला चिकटलेले पँटचे कापड इंजिनाशेजारी इतके तापणे मुळीच अशक्य नाही. निरोगी माणसाला त्रेचाळीस-पंचेचाळीस अंशांपासून वेदना होऊ लागते, म्हणून तो बचावतो. दहा-पंधरा वर्षे मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या तळपायाचे आणि पोटरीचे मज्जातंतू बधिर झालेले असतील, तर ही धोक्याची घंटा वाजतच नाही. वयोमानाने त्वचाही पातळ झालेली असते. संध्याकाळी बूट काढल्यावर फोड दिसतो आणि 'बूट नवा होता, चावला असेल' असे म्हणून सोडून दिला जातो. त्यातून जखम होते, ती महिनोन्‌महिने भरत नाही. अशा जखमांचा शेवट बोट गमावण्यात झालेला मी पाहिलेला आहे.

म्हणून मधुमेही वाचकांना माझी आग्रहाची विनंती आहे. प्रवासाला निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्या. नायलॉनच्या एका बारीक तंतूने आणि कंप पावणाऱ्या चिमट्याने होणारी ही तपासणी पाच मिनिटांची आहे, तिला खर्च जवळजवळ नाही. घरच्या घरी कल्पना यावी म्हणून डोळे मिटून बसावे आणि घरातील कोणीतरी बोटाच्या टोकाने पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला हलकेच, दोन सेकंद स्पर्श करावा. स्पर्श कळला नाही तर तेवढ्यावरून गाडी विकण्याची गरज नाही. मात्र घोट्याच्या वर जाणारे जाड चामडी बूट, सुती मोजे आणि दर तासाला बूट काढून पाहणे हे नियम त्या व्यक्तीसाठी ऐच्छिक राहत नाहीत.

सौम्य उष्णतेचा आणखी एक परिणाम सावकाश होतो. एकाच जागी रोज धग लागत राहिली की त्वचेवर जाळीसारखे तपकिरी-काळसर डाग उमटतात. शेगडीशी तासन्‌तास बसणाऱ्यांच्या पायांवर असे डाग पूर्वी दिसत. काश्मीरमध्ये फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटावर आणि मांडीवर वर्षानुवर्षांच्या धगीने कर्करोग होतो, हे वैद्यकशास्त्राला शंभराहून अधिक वर्षांपासून ठाऊक आहे. मोटारसायकलीने तसे होईल अशी भीती मला घालायची नाही. धग आणि काळ यांचा मिळून परिणाम होतो, एवढेच सांगायचे आहे. पोटरीच्या आतल्या बाजूला जाळी दिसू लागली तर ती सवयीची खूण समजावी आणि इंजिन व पाय यांच्यातील अंतर वाढवावे.

हे अंतर वाढवायचे कसे? इथे डॉक्टरपेक्षा मेकॅनिकचा शब्द मोठा. पण माझ्या दवाखान्याच्या शेजारीच गॅरेज असल्याने आणि तिथला कारागीर शहाणा असल्याने काही गोष्टी मीही शिकलो आहे.

पहिली गोष्ट म्हणजे स्वच्छता. इंजिनाच्या ब्लॉकवर जे धातूचे पंख असतात, त्यांच्या फटींतून वारा खेळावा अशी योजना असते. पावसाळ्यातला चिखल तिथे वाळून बसलेला असतो आणि तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोणी काढत नाही. गार इंजिनावर मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने तो काढावा. रेडिएटर असेल तर त्याच्या जाळीतील किडे आणि माती हलक्या धारेने धुवावीत. जोरदार प्रेशरने पाती वाकतात. कूलंटची पातळी गाडी गार असताना बाटलीवर पाहावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, दाबाखालचे उकळते पाणी तोंडावर उसळते. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतण्याची खोडही अशीच. वाफेने हात पोळतो आणि धातूवर अकारण ताण येतो.

दुसरी गोष्ट इंजिन ऑइलची. वाऱ्यावर चालणाऱ्या इंजिनात ऑइल हे वंगणही असते आणि उष्णता वाहून नेणारे माध्यमही. ते कमी असेल किंवा जुने झाले असेल तर इंजिन अधिक तापते. 'उन्हाळा आहे, जरा घट्ट ऑइल टाका' असा सल्ला पारावर हमखास मिळतो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच ऑइल वापरावे, हे बरे. ब्रेक चिकटत असेल, साखळी कोरडी असेल, टायरमध्ये हवा कमी असेल, तर इंजिनाला तेवढ्याच वेगासाठी अधिक पेट्रोल जाळावे लागते, म्हणजे धगही अधिक. मधल्या स्टँडवर गाडी उभी करून मागचे चाक हाताने फिरवून पाहावे. ते मोकळेपणाने फिरत नसेल तर गॅरेज गाठावे. वाहतुकीत अर्धा क्लच दाबून गाडी सरकवत राहण्याची सवयही इंजिन तापवते. मोठ्या सिग्नलला इंजिन बंद करावे. मुक्कामी पोहोचल्यावर 'गार होईपर्यंत चालू राहू दे' असे म्हणत काही जण गाडी स्टँडवर सुरूच ठेवतात. वारा नसताना ती गार व्हायची कशी?

प्रवासाला निघालेल्या गाडीचे रूप पाहिले की मला कधी कधी बैलगाडीची आठवण होते. लेगगार्डला दोन्ही बाजूंनी पिशव्या, दोऱ्या, पाण्याचे कॅन आणि गुंडाळलेली चादर! नेमका इंजिनावर येणारा वारा त्याने अडतो. सामान मागे, बाजूच्या पेट्यांत असावे. पेट्रोलचा कॅन तर तापलेल्या इंजिनाशेजारी टांगणे सरळ जीवघेणे आहे. सायलेन्सरच्या पुढच्या बेंड पाइपला उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याची टूम हल्ली आहे. ती धग काहीशी अडवते, पण पट्टीत ओल साचून पाइप गंजतो आणि ऑइल झिरपले तर ती पेटण्याचाही धोका असतो. त्यापेक्षा पाइप आणि पाय यांच्यामध्ये बोटभर पोकळी ठेवून बसवलेले धातूचे कवच मला सरस वाटते. पोकळीतली हवाच उत्तम रोधक असते. २०२० पासूनच्या गाड्यांमध्ये धूर शुद्ध करणारा भाग चांगलाच तापतो, म्हणून तो काढून टाका असे सुचवणारे भेटतील. ते बेकायदा आहे आणि आपल्या नातवंडांच्या फुप्फुसांचा विचार करता अशोभनीयही. आसनाचे काळे रेक्झिन उन्हात चटके देते. त्यावर जाळीदार कव्हर घातले की बुडाखाली हवा खेळते, घाम साचत नाही. जांघेतील गजकर्णाचे उन्हाळी रुग्ण पाहून सांगतो, हे कव्हर दुकानातल्या स्टेरॉइडमिश्रित मलमापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

मागे बसणाऱ्यांचे काय? आपल्याकडे साडी नेसलेल्या स्त्रिया डावीकडे पाय सोडून बसतात आणि बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो, म्हणून हे वर्षानुवर्षे निभावत आले. परंतु जुन्या धाटणीच्या, दोन्ही बाजूंना सायलेन्सर असलेल्या गाड्या आता पुन्हा लोकप्रिय झाल्या आहेत. आईला किंवा पत्नीला अशा गाडीवर बसवण्यापूर्वी पाय नेमका कुठे येतो हे गाडी गार असताना बसवून पाहावे. नातवंडे तर उजवीकडून घसरत उतरतात आणि पोटरीच्या आतल्या बाजूला चटका घेऊनच रडत आत येतात. मुलांना डावीकडूनच उतरायला शिकवावे.

आता डोक्यावरच्या भट्टीकडे वळू. हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंशांवर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वाढले की उष्णतेची लाट मानतात. किनारपट्टीवर हाच उंबरठा ३७ अंशांचा आहे. हे तापमान सावलीतल्या पेटीतले असते. अकोला, जळगाव, चंद्रपूर या भागांत मे महिन्यात ४४-४५ हा आकडा दिसतो, तेव्हा तापलेल्या डांबरावर, चालू इंजिनाच्या वर बसलेल्या माणसाभोवतीची हवा याहून कितीतरी गरम असते. अशा वेळी अंगावर येणारा वारा सुखद भासला तरी तो शरीराला उष्णता देतच असतो. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते आणि वारा त्याहून गरम असला की शरीराला तगून राहण्यासाठी एकच मार्ग उरतो : घाम. कोरड्या हवेत तो निथळण्यापूर्वीच उडून जातो, त्यामुळे 'मला घामच आला नाही' असे वाटत असताना तासाला अर्धा लिटर पाणी अंगातून गेलेले असते. म्हणूनच विदर्भातले शेतकरी उन्हात उघडे फिरत नाहीत, डोक्याला आणि कानांना उपरणे गुंडाळतात. दुचाकीस्वारानेही बाह्या दुमडून वारा घेण्यापेक्षा सैल, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालावेत, वर जाळीदार जाकीट असावे. हेल्मेट अर्थातच दोघांनीही. गळ्याभोवती ओला पंचा ठेवावा आणि तो दर थांब्यावर पुन्हा भिजवावा. हा उपाय फुकट आहे आणि मी तो सर्वांना सांगतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत मात्र त्याचा तेवढा गुण येत नाही, कारण तिथे पाणी उडतच नाही.

वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते, घर्मग्रंथींचे काम कमी होते. त्यात भर पडते औषधांची. रक्तदाबासाठी दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पाणी आणि क्षार बाहेर टाकतात. मधुमेहावरील डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे साखरेसोबत पाणीही मूत्रावाटे नेतात. बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्यांमुळे हृदयाला आणि त्वचेच्या रक्तवाहिन्यांना उष्णतेशी जुळवून घेणे जड जाते. लघवी वारंवार होऊ नये म्हणून दिलेली काही औषधे, तसेच सर्दीच्या जुन्या गोळ्या घाम कमी करतात. टेल्मिसार्टनसारखी औषधे उत्तमच आहेत, पण शरीर कोरडे पडलेले असताना मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. हे वाचून कोणीही गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. त्याऐवजी प्रवासाच्या पंधरा दिवस आधी साऱ्या गोळ्यांची पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि 'भर उन्हाळ्यात चार दिवस गाडीवर असेन' असे स्पष्ट सांगावे. एखादी मात्रा बदलायची का, ते त्यांनी ठरवावे.

सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ पत्नीसह आले होते. औरंगाबादपर्यंत जाऊन आल्यापासून लघवीला जळजळ आणि अंगात कसर. पाणी किती प्यायलात, असे विचारल्यावर ते गप्प राहिले. वहिनीच म्हणाल्या, "डॉक्टर, हे गाडीवर निघाले की पाण्याला शिवतच नाहीत. दर अर्ध्या तासाला थांबावं लागतं म्हणे, लाज वाटते." प्रोस्टेटची ग्रंथी वाढलेले असंख्य पुरुष आणि लघवी आवरत नाही म्हणून संकोचणाऱ्या असंख्य स्त्रिया नेमके हेच करतात. रस्त्यावर स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसल्याने स्त्रियांचा संकोच तर समजण्याजोगा आहे. पण उपाय पाणी तोडणे हा नव्हे. प्रवासाचे टप्पे पन्नास-साठ किलोमीटरचे ठेवावेत, पेट्रोल पंप आणि मोठी हॉटेले पाहूनच थांबे ठरवावेत आणि प्रत्येक थांब्यावर आधी स्वच्छतागृह व मग एक पेलाभर पाणी असा क्रम लावून घ्यावा. मिठाचे ताक, पन्हे, कोकम सरबत उत्तम. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावे. अर्ध्या लिटरात घट्ट करून पिऊ नये. मधुमेहींनी उसाच्या रसाचा मोह टाळावा. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असल्याने ज्यांना पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी किती आणि काय प्यावे हे आधीच विचारून घ्यावे. आणि खरे सांगायचे तर अशांनी मे महिन्यात गाडीवर लांबचा प्रवास करूच नये, असे माझे मत आहे.

इन्सुलिनचे पेन आसनाखालच्या कप्प्यात किंवा टाकीवरच्या पिशवीत ठेवू नये. वापरातले इन्सुलिन साधारण ३० अंशांच्या आत राहावे लागते. ओल्या कापडात गुंडाळलेल्या डब्यात, मागच्या पेटीत ते ठेवता येते.

पहाटे पाचला निघावे आणि दहा वाजता गाडी सावलीत लावावी. दुपारी चारपर्यंत विश्रांती. ज्यांना हे वेळापत्रक जाचक वाटते, त्यांनी नोव्हेंबरची वाट पाहावी.

काळजीवाहू कुटुंबीयांना दोन शब्द. किल्ली लपवून ठेवणे हा मार्ग अपमानकारक आहे आणि तो टिकतही नाही. त्याऐवजी दर थांब्यावरून फोन करण्याचे ठरवून घ्या आणि आवाज ऐका. उत्तरे तुटक, चिडखोर किंवा असंबद्ध येऊ लागली, तर 'बाबा, तिथेच थांबा, सावलीत बसा' असे ठामपणे सांगा. मागे बसलेल्या व्यक्तीला गाडी किंचित वाकडी-तिकडी जाऊ लागल्याचे आधी कळते. डोके दुखणे, मळमळ, पेटके, गर्द पिवळी लघवी ही पूर्वसूचना असते. अंग चटका बसेल इतके तापलेले आणि बोलण्यात भ्रम, हे दोन्ही दिसले की तो उष्माघात आहे असेच समजावे. घाम येत असला तरीही. तेव्हा आधी थंड करणे आणि त्याच वेळी १०८ ला फोन. सावलीत आडवे करून हेल्मेट, जाकीट, बूट काढावेत, सर्वांगावर पाणी ओतत जोराने वारा घालावा, काखेत आणि जांघेत गार फडकी ठेवावीत. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही.

सायलेन्सरचा चटका बसलाच, तर नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली तो भाग वीस मिनिटे धरावा. रस्त्यात नळ नसेल तर बाटल्यांतील पाणी सावकाश ओतावे. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत असे केल्याने लाभ होतो. बर्फ लावू नये. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये, त्याने जखम झाकली जाते आणि आम्हाला तिची खोली कळत नाही. पायात पैंजण, जोडवी असतील तर सूज येण्यापूर्वी काढावीत. फोड फोडू नये; स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडाने सैलसर झाकावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आठवून डॉक्टरांना सांगावे. मधुमेही व्यक्तीच्या पायावरचा चटका रुपयाएवढा असो की गव्हाच्या दाण्याएवढा, दुखत असो वा नसो, तो त्याच दिवशी दाखवावा.